अंजलीला कोणी सांगितलं नाही

अंजली आमच्या लाइनवर आली त्याच आठवड्यात तिचं आणि सुपरवायझरचं वाजलं. अंबडच्या आमच्या कंपनीत विजेच्या स्विचचे सुटे भाग तयार होतात आणि तपासणीच्या टेबलावर आम्ही सात-आठ बायका बसतो. तिनं एक पेटी बाजूला काढून ठेवली होती. सुपरवायझर म्हणाला, "एवढ्याशा चऱ्यानं काय होतंय? पाठव पुढं." ती मान वर न करता म्हणाली, "पाठवते की. फक्त तपासणीची सही तुम्ही करा." पेटी परत गेली. मी त्याच दिवशी ठरवलं, ही पोरगी आपल्या शेजारी बसली पाहिजे. पुढे आठ वर्षं ती माझ्या शेजारीच बसली. मला ती सुवर्णाताई म्हणते, मी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे.

हे लिहायला घेतलं कारण तिच्याविषयी आमच्या भागात वाटेल ते बोललं जातं. नवऱ्याला टाकून आली. सासरा आजारी पडला तर घर सोडलं. नणंदेच्या हळदीत तमाशा केला. त्या हळदीला मी होते. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी तिच्याबरोबर होते. त्यामुळे जे झालं ते मला माहीत आहे.

अंजली मूळची विंचूरची. वडील कांदा मार्केटात मापारी होते, ते लवकर गेले. आई भागीबाईनं तिला आयटीआयपर्यंत शिकवलं. लग्न होऊन ती सिडकोत आली. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दारात तुळशीच्या जागी कोरफडीची कुंडी. नवरा रवी सातपूरला एका कारखान्यात फिटर. शांत माणूस. कधी आवाज चढवायचा नाही, कधी कुणाशी भांडण नाही. आम्ही बायका एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल बोलायचो तेव्हा अंजलीचा नवरा सगळ्यांना हवासा वाटायचा.

आणि सासरे, सहादूबाबा. तीस वर्षं एका शाळेत पहारेकरी होते. सुयश झाला तेव्हा सासूबाई, यशोदाबाई, अंजलीला म्हणाल्या होत्या, "आता नोकरी सोड, पोराला कोण बघणार?" तेव्हा सहादूबाबाच मध्ये पडले. "तिची नोकरी तिनं कमावलेली आहे. पोराला मी बघतो." आणि खरंच बघितलं. दूध पाजण्यापासून बालवाडीत नेऊन सोडण्यापर्यंत सगळं. सुयश झोपायचाही त्यांच्याच कुशीत. डबा खाताना अंजली मला एकदा म्हणाली होती, "ताई, माझा बाप असता तरी त्यानं एवढं केलं नसतं."

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास सहादूबाबांना खोकला लागला. बरेच दिवस गेला नाही. आधी बिडी ओढायचे, म्हणून सगळे म्हणाले बिडीचा आहे. मग ते हवापालट म्हणून पेठला चुलतभावाकडे जाऊन राहिले. महिना-सव्वा महिन्यानं परत आले तेव्हा खोकला गेला होता, गाल जरा भरले होते. अंजलीला बरं वाटलं. तिच्या लक्षात एवढंच आलं की बाबा आता वेगळे झोपतात आणि नाश्त्याआधी गोळ्या घेतात. तिनं विचारलं तर म्हणाले, "रक्तदाब निघालाय, बाई. म्हातारपण आलं."

डिसेंबरात सुयशला खोकला सुरू झाला. तो तेव्हा साडेचार वर्षांचा होता. थंडी होती, सगळ्याच पोरांना खोकला होता, त्यामुळे पहिले आठ दिवस कुणाला काही वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. औषध बदललं. पुन्हा तेच. मग संध्याकाळचा ताप यायला लागला. सकाळी पोरगं चांगलं असायचं, दिवे लागायच्या वेळेला अंग कोमट. अंजली कामावर मला सांगायची, "ताई, ताप मोजला तर जास्त नसतोच. नव्व्याण्णव, शंभर. पण रोज येतो." जेवण तुटलं. बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठवला की सुयश खेळायला उठत नाही, भिंतीला टेकून बसतो. एक दिवस तिनं त्याला मागच्या वर्षीची पँट घातली तर ती कमरेला सैल झाली. वाढत्या पोराला जुनी पँट सैल होते म्हणजे काय, हे आईला सांगावं लागत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. रवीही बरोबर गेला. पुढे कितीतरी वेळा अंजलीनं तो प्रसंग मला सांगितला आहे, आणि दरवेळी अगदी तसाच, शब्द न बदलता.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पोराला नीट तपासलं, वजन केलं, मान चाचपली. मग विचारलं, "घरात कोणाला टीबी आहे का? किंवा झाला होता का? कोणाला लांबलेला खोकला?"

अंजली म्हणाली, "टीबी नाही, डॉक्टर. सासऱ्यांना दिवाळीच्या आधी खोकला होता, पण तो गेला."

"तपासलं होतं का त्यांना?"

अंजलीनं रवीकडे पाहिलं, कारण बाबांना दवाखान्यात नेणं-आणणं त्याचंच काम. रवी म्हणाला, "हो, छातीचा फोटो काढला होता. काही निघालं नाही. बिडीचा खोकला होता."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. तरी माणूस जाणता होता. त्यांनी सुयशच्या छातीचा फोटो काढायला सांगितला आणि हातावर कातडीत एक सुई टोचली. म्हणाले, "ही टीबीची चाचणी आहे. दोन-तीन दिवसांनी इथं किती सूज येते ते मला मोजावं लागेल. शुक्रवारी आणायचंच. चुकवू नका." फोटोत एका बाजूला डाग होता. न्यूमोनियाचाही असू शकतो, शुक्रवारी बघून ठरवू, असं ते म्हणाले.

शुक्रवारी आमच्या कंपनीत बाहेरचे लोक तपासणीला येणार होते. कुणालाच सुट्टी नव्हती. रवी तिला म्हणाला, "मी नेतो ना त्याला. दुपारपाळी आहे माझी." ती निर्धास्त कामावर आली. दुपारी तिनं फोन लावला. त्यानं सांगितलं, "दाखवलं. काही नाही म्हणाले. न्यूमोनियाचं औषध दिलंय, दहा दिवस द्यायचं."

संध्याकाळी तिनं पोराचा हात पाहिला. टोचलेल्या जागी लाल, टणक गाठ होती, रुपयाच्या नाण्याहून मोठी. तिनं विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "सुई टोचल्यावर सुजतंच. डॉक्टर म्हणाले बर्फ लाव." दुसऱ्या दिवसापासून सुयशच्या अंगात लांब बाह्यांचा स्वेटर होता. थंडी होती, म्हणून तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या घरात तेव्हा लग्नाची गडबड होती. रवीची बहीण मनाली, वय चोवीस, बीकॉम झालेली. मनमाडकडचं चांगलं स्थळ होतं, मुलगा रेल्वेत. लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. साड्या, पत्रिका, मांडववाला. यशोदाबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "एवढं एकदा नीट पार पडू दे." अंजलीला ते लग्नाबद्दल वाटायचं.

दहा दिवसांचं औषध संपलं. ताप होताच. अंजली म्हणाली, पुन्हा दाखवू. रवी म्हणाला, फोन केला होता मी, डॉक्टर म्हणाले आणखी एक आठवडा हेच चालू ठेवा. तिचा त्याच्यावर अविश्वास असण्याचं काही कारणच नव्हतं. आमच्या टेबलावर एकही पेटी नजरेतून सुटू न देणारी बाई, पण घरात कोण कुणाचं बोलणं तपासतं?

हळद शनिवारी होती, दिवसा अकराला. गल्लीत मांडव, गाणी, मोठमोठी पातेली. आम्ही कंपनीतल्या चौघी गेलो होतो. अंजली हिरवी साडी नेसून पाहुण्यांना पाणी देत होती, पण चेहरा ओढलेला. मी विचारलं, "सुयश कुठंय?"

"वर झोपलाय. दोन दिवस उलट्या होताहेत, ताई. डोकं दुखतं म्हणतो. आई म्हणतात पित्त झालंय, गोड जास्त खाल्लं."

मी वर गेले. खिडकीला चादर लावून अंधार केला होता, कारण उजेडानं तो रडायचा. मी त्याला हाक मारली तर त्यानं डोळे उघडले. एक डोळा माझ्याकडे, दुसरा नाकाकडे वळलेला. मी त्याला उचलायला मानेखाली हात घातला तर मान लाकडासारखी. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. पण मी तीन पोरं वाढवली आहेत. मी जिन्यातूनच ओरडले, "अंजली, वर ये. हा नीट बघत नाहीये."

ती आली, तिनं पाहिलं, आणि पुढच्या क्षणाला पोरगं तिच्या खांद्यावर होतं. खाली मांडवाच्या तोंडाशी रवी आडवा आला. त्याच्या सदऱ्यावर हळदीचे हात उमटले होते. हळू आवाजात म्हणाला, "आत्ता? मनमाडची माणसं आलीत. संध्याकाळी नेऊ ना."

अंजली त्याच्या बाजूनं निघून गेली. लोक ज्याला तमाशा म्हणतात तो एवढाच.

रिक्षात पोराचा डावा हात झटके द्यायला लागला. ती त्याचा हात घट्ट धरून "झालं, झालं, आलंच" एवढंच म्हणत होती. मी रिक्षावाल्याला सरकारी रुग्णालयात घ्यायला सांगितलं. तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहिलं आणि एका मिनिटात आत घेतलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, डोक्याचा फोटो काढला. दुपारी तीनच्या सुमारास त्या बाहेर आल्या. अंजलीला बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या.

"टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय असं दिसतंय. औषधं चालू केली आहेत. किती दिवसांपासून आजारी आहे?"

"दोन महिने."

"घरात कोणाला टीबी?"

"नाही," अंजली म्हणाली. ठामपणे म्हणाली. मी ऐकलं.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लहान मुलाला तो बहुतेक घरातल्याच मोठ्या माणसाकडून लागतो. आठवून बघा." अंजली खरंच आठवत होती. बालवाडीच्या बाई, शेजारच्या आजी, दूधवाला. एकेकाचं नाव घेत होती.

थोड्या वेळानं टीबी विभागातली एक ताई नोंद करायला आली. दीपमाला तिचं नाव. हातात मोबाईल. मुलाचं नाव, वय, पत्ता. मग फोन नंबर. अंजलीनं स्वतःचा दिला, आणि वडिलांचा म्हणून रवीचाही. दीपमालाताईनं तो टाकला आणि तिचं बोट थांबलं. तिनं मोबाईलकडे पाहिलं, मग अंजलीकडे.

"हा नंबर आधीच आहे आमच्याकडे. ऑक्टोबरपासून. पेठला नोंद आहे. सहादू... हे तुमचे कोण?"

"सासरे," अंजली म्हणाली. अजून तिच्या लक्षात आलं नव्हतं. "ते होते पेठला महिनाभर."

"त्यांना फुफ्फुसाचा टीबी आहे ना, ताई. सहा महिन्यांचं औषध चालू आहे. अशा घरात लहान मूल असलं तर आम्ही त्याला तपासतो, आजार झाला नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतो. फुकट असतं सगळं." ती बोलता बोलता खाली सरकवत होती. "इथं लिहिलंय, घरात लहान मूल नाही. पेशंटच्या मुलानं फोनवर माहिती दिली, असं लिहिलंय."

मी अंजलीचा हात धरला. तिनं विचारलं, "काय लिहिलंय? पुन्हा वाचा."

दीपमालाताईनं पुन्हा वाचलं. मग तिला समजलं असावं, तिचा आवाज उतरला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

अंजलीनं मान हलवली. नाही.

रवी चारला आला. अंगावर तोच हळदीचा सदरा. अंजली बाकावरून उठली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती त्याला नेहमी अहो-जाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या तोंडून 'तू' ऐकलं.

"बाबांना टीबी आहे?"

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिथून जावं. मी गेले नाही.

"अंजली, ऐक..."

"आहे की नाही?"

"होता. आता बरे आहेत. औषध चालू आहे."

"तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होतास. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणाले, आणि तू वरून सांगितलंस की फोटोत काही निघालं नाही."

"मनालीचं ठरत होतं. त्या लोकांना कळलं असतं तर मोडलं असतं. आईनं शपथ घातली होती. नोंद झाली की ते लोक घरी येतात, विचारपूस करतात, गल्लीला कळतं. मला वाटलं, एवढं लग्न झालं की..."

"शुक्रवारी नेलं होतंस त्याला?"

रवी सदऱ्यावरची हळद झटकायला लागला.

"मी विचारते, त्या शुक्रवारी तू पोराला डॉक्टरांकडे नेलं होतंस का?"

"नाही." मग लगेच म्हणाला, "सूज आली होती हातावर. मला दिसली. मला भीती वाटली, ते आपल्याला कुठंतरी पाठवतील. महिन्याभराचा तर प्रश्न होता. मी मेडिकलमधून न्यूमोनियाचं औषध आणलं. चांगलं आणलं, महागातलं आणलं."

अंजली त्याला मारेल असं मला वाटलं. तिनं मारलं नाही, ओरडलीही नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं. मी रोज त्याचा ताप मोजत होते, रोज तुला सांगत होते, आणि तुला माहीत होतं." मग ती वळली आणि आत पोराकडे गेली. रवी रडायला लागला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. पण मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वंदना झाली, वधूवरांनी हार घातले, जेवणं झाली. सुयश त्या वेळी शुद्धीत नव्हता. मनाली पांढऱ्या साडीतच, सासरी जायच्या आधी, रुग्णालयात आली. अंजलीच्या गळ्यात पडून म्हणाली, "वहिनी, मला बाबांचं माहीत होतं. पण मला वाटलं तुलाही माहीत आहे. दादा म्हणाला होता, वहिनीला सांगितलंय." अंजलीनं तिला जवळ घेतलं. तिच्यावर ती कधी रागावली नाही.

आणि मनमाडच्या माणसांनाही चार दिवसांत कळलंच. असल्या गोष्टी लपतात थोड्याच? मनालीची सासू स्वतः रुग्णालयात आली, मोसंबी घेऊन. दरवाज्यात उभी राहून यशोदाबाईंना म्हणाली, "अहो, माझ्या सख्ख्या भावाला झाला होता टीबी. औषध घेतलं, बरा झाला, आज रिक्षा चालवतो. एवढ्यासाठी कोणी लग्न मोडतं का?" यशोदाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी अंजलीकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ही फुटेल. ती पोराच्या पायाला तेल चोळत होती. हात थांबला नाही.

सहादूबाबा पाचव्या दिवशी आले. तोंडाला मास्क लावून, वॉर्डाच्या बाहेरच उभे राहिले. अंजली बाहेर गेली. म्हातारा हात जोडून उभा होता. म्हणाला, "पोरी, मी रवीला म्हटलं होतं, सुयशला तपासून घे. तो म्हणाला, तपासलं, काही नाही."

"तुम्ही मला का नाही सांगितलं, बाबा?" तिचा आवाज तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच फाटला. "रोज संध्याकाळी मी कामावरून आले की तुम्ही मला चहा द्यायचात. रोज आपण बोलायचो. मी तुम्हाला गोळ्यांचं विचारलं तेव्हाही तुम्ही मला रक्तदाब सांगितला."

बाबा भिंतीला टेकले. मग म्हणाले, "माझ्या आईला हाच रोग झाला होता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गावानं तिची भांडी वेगळी करायला लावली, मग झोपडीच वेगळी करायला लावली. आधीच आमचं घर गावाबाहेर, त्यात तिचं आणखी बाहेर. ती एकटी मेली. मला लाज वाटली, पोरी. तू माझं ताट वेगळं करशील अशी भीती वाटली."

"मी केलं असतं का?"

"नसतं केलं," ते म्हणाले. "ते मला आत्ता कळतंय."

अंजलीनं नंतर मला सांगितलं, "ताई, रवीचं मला एकवेळ समजतं. भित्रा माणूस आहे तो, शांत म्हणून आपण कौतुक करत होतो ती भीतीच होती. पण बाबांनी मला ओळखलंच नव्हतं. सहा वर्षं एका घरात राहून त्यांना मी अशी वाटले."

सुयश सव्वीस दिवस रुग्णालयात होता. मेंदूत पाणी साठलं होतं, ते वाहून जायला आत एक नळी बसवावी लागली. अकराव्या दिवशी त्यानं डोळे उघडून 'आई' म्हटलं. पण बाकीचे शब्द परत यायला महिने लागले, आणि डावी बाजू कमजोर राहिली ती राहिलीच. डॉक्टरीणबाईंनी अंजलीला एकदा स्पष्ट सांगितलं, "तो जानेवारीत आला असता तर गोळ्यांवर भागलं असतं. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही." अंजली म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही कुणाला दोष देताय ते."

रुग्णालयातून ती सिडकोतल्या घरी गेलीच नाही. मी अंबड गावात तिला एक खोली बघून दिली, कंपनीपासून चालत दहा मिनिटांवर. विंचूरहून भागीबाई आली, नात्याच्या लोकांनी 'लेकीचं घर मोडू नको' म्हणून सांगितलं तरी आली. म्हणाली, "मोडलेलं घर मी कशाला मोडू? मी पोराला सांभाळायला आले." वर्षभर रोज सकाळी औषध, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम. सुयशला चेंडू डाव्या हातात धरायला लावायचा, तो उजव्यानं घ्यायचा, पुन्हा डाव्यात द्यायचा. भागीबाई त्याच्याशी हुज्जत घालत बसायची आणि तो हसायचा. ते हसू परत आलं तेव्हा अंजली बाहेर ओट्यावर जाऊन रडली.

मध्यंतरी आमच्या कॉलनीतल्या विहारात बायकांची सभा होती, आरोग्यावर. दीपमालाताई बोलायला आली होती. तिचं बोलणं झाल्यावर अंजली उठली. मी तिला उठू नको म्हणणार होते, कारण सासरच्या गल्लीतल्या बाया समोर बसल्या होत्या. ती म्हणाली, "दोन आठवडे खोकला असेल तर तपासा, हे ताईंनी सांगितलंच. मी एकच सांगते. घरात कुणाला झाला तर लेकरांच्या आईला सांगा. बाकी कुणाला नाही सांगितलं तरी चालेल. आईला सांगा. आणि पोराचा ताप आठ-पंधरा दिवस जात नसेल तर स्वतः घेऊन जा, स्वतः डॉक्टरांचं ऐका. दुसऱ्यानं आणलेल्या निरोपावर राहू नका." आणि खाली बसली. त्या सभेतून तीन घरांनी पोरं तपासायला नेली. तिच्या सासरच्या गल्लीत मात्र दुसऱ्या दिवशी बोलणं झालं ते एवढंच, की अंजलीनं सासऱ्याचं नाव चव्हाट्यावर आणलं. तिनं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

सहादूबाबांचं औषध पूर्ण झालं, ते ठणठणीत आहेत. महिन्यातून एकदा येतात, नातवाला घेऊन चौकापर्यंत चालतात, आणि अंजली कामावरून यायच्या आत निघून जातात. ती त्यांना येऊ नका म्हणत नाही, थांबाही म्हणत नाही.

रवी दर रविवारी येतो. व्यायाम शिकलाय, पोराकडून नीट करून घेतो. मलाही येऊन दोनदा म्हणाला, "सुवर्णाताई, तुमचं ऐकेल ती. मी चुकलो हे मी कबूल करतो. किती दिवस?" मी एक दिवस डब्याच्या सुट्टीत तिला विचारलं. म्हटलं, "माणूस बदललाय असं वाटतं गं. जाशील का परत?"

तिनं पोळीचा तुकडा हातातच ठेवला.

"तो खोटं बोलला तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते, ताई. अगदी तोंडाकडे. मला काही वेगळं दिसलं नाही. आवाज तोच, डोळे तेच. मग आता तो म्हणतो मी बदललो, तर ते खरं हे मी कशावरून ओळखू?"

भोंगा झाला. तिनं डबा बंद केला, हात धुतले आणि आम्ही टेबलावर परत गेलो. त्या आठवड्यात सुयश पहिलीत गेला. वर्ग वरच्या मजल्यावर आहे. कठड्याला धरून एकेक पायरी चढतो. बाकीच्या पोरांच्या मागे राहतो, पण पोचतो.